मूल वाढलं, गोळी वाढवायची?

आपोआप नाही. एडीएचडीसाठीच्या मिथाइलफेनिडेटचा डोस मुलाच्या वयावरून नव्हे, गुण किती आणि त्रास किती यावरून ठरतो. साध्या गोळीचा असर सुमारे 4 तास, सावकाश औषध सोडणाऱ्या गोळीचा 8 ते 12 तास. भूक मंदावते, म्हणून सकाळची गोळी नाश्त्यासोबत किंवा नंतर. दुपारचा डबा तसाच परत आला तर ओरडू नका. संध्याकाळी असर ओसरला की भूक लागते, तेव्हा पोटभर वाढा. उंची, वजन, नाडी, रक्तदाब दर 6 महिन्यांनी तपासून घ्या. दहा वर्षांच्या आतल्या मुलांचं वजन दर 3 महिन्यांनी. (दारावरच्या पेन्सिलखुणा गोडच, पण डॉक्टरांना आलेख लागतो.) औषध अजून हवं का, हे वर्षातून एकदा डॉक्टरांना विचाराच, किशोरवयीन मुलाला शेजारी बसवून.