चेन पडते ती ढिली असते म्हणून नव्हे

१९ जुलै २०१०. फ्रान्समधल्या पिरेनीज पर्वतातला पोर्ट द बालेस हा १७५५ मीटर उंचीचा घाट. टूर द फ्रान्सची पिवळी जर्सी अंगावर असलेला लक्झेंबर्गचा अँडी श्लेक चढावर उसळी मारून पुढे निघाला आणि लगेचच त्याचे पाय मोकळे फिरले. चेन पडली होती. तो उतरला, बोटं काळी करत ती चढवू लागला, तोवर स्पेनचा अल्बेर्तो काँतादोर पुढे सटकला होता. सकाळी ३१ सेकंदांनी पुढे असलेला श्लेक संध्याकाळी ८ सेकंदांनी मागे होता. फटका एकूण ३९ सेकंदांचा. पॅरिसला शर्यत संपली तेव्हा दोघांमधलं अंतरही नेमकं ३९ सेकंदच निघालं. (काँतादोर पुढे उत्तेजकाच्या प्रकरणात दोषी ठरला आणि २०१२ मध्ये ते विजेतेपद श्लेककडे आलं, पण तो विषय निराळा.)

ज्याच्या सायकलीची देखभाल रोज निष्णात मेकॅनिक करतात त्याची ही गत, तर रविवारी पहाटे पसरणी घाटाच्या पायथ्याशी गिअर हलका करायला गेलेल्या हौशी स्वाराची चेन पडली तर नवल नाही. नवल वाटतं ते त्यानंतर मिळणाऱ्या सल्ल्याचं. बघायला थांबलेला प्रत्येक जण सांगतो, ‘चेन ढिली झालीय.’ पुढचा सल्लाही ठरलेला असतो: ‘दोन कड्या काढून टाक.’

हे निदान बिनगिअरच्या काळ्या सायकलीवर पिढ्यान्‌पिढ्या बरोबर ठरत आलं. तिथे चेन एकाच पुढच्या आणि एकाच मागच्या चक्रावर फिरते, ताण धरायला दुसरं काही नसतं. चेन झिजली की लोंबते आणि लोंबली की पडते. मागच्या चाकाचे नट सैल करून चाक थोडं मागे ओढलं की काम झालं. रोड बाइकमध्ये मात्र ही ढिलाई सावरायला मागच्या डिरेलरचा, म्हणजे चेन एका चकतीवरून दुसरीवर सारणाऱ्या भागाचा, स्प्रिंगवाला पिंजरा असतो. त्यातली दोन छोटी चाकं जास्तीची चेन सतत ओढून धरतात. चेन योग्य लांबीची असताना तिच्या कड्या काढल्या आणि चुकून पुढचं मोठं चक्र व मागची सर्वांत मोठी चकती असा जोड लागला, की चेन पुरत नाही. मग डिरेलर ओढला जातो, वाकतो, प्रसंगी तुटून चाकाच्या तारांत अडकतो.

मग चेन पडते कशाने? गिअर बदलणं म्हणजे मुळात मुद्दाम चेन पाडणंच असतं. डिरेलर तिला एका चक्रावरून ढकलतो आणि ती शेजारच्या चक्रावर जाऊन बसते. ढकलणं किंचित जास्त झालं, किंवा नको त्या वेळी झालं, की ती शेजारचं चक्रही ओलांडते. बरोबर आणि चूक यांच्यात एखाद-दुसऱ्या मिलिमीटरचा फरक असतो. ११ स्पीडच्या कॅसेटमध्ये, म्हणजे मागच्या चकत्यांच्या जुडग्यात, शेजारच्या दोन चकत्यांचे मध्य जेमतेम पावणेचार मिलिमीटर अंतरावर असतात. इतक्या दाटीत मागचे गिअर बहुधा बिनबोभाट पडतात आणि पुढे फक्त दोन चक्रं असताना सगळा गोंधळ तिथे होतो, हे विचार करण्यासारखं आहे.

पेडल मारताना चेनचा वरचा भाग ताणलेला असतो, कारण चाकाला ओढणारा भाग तोच. खालचा भाग सैल असतो. मागचा डिरेलर खाली लटकतो आणि या सैल भागाला, तो चकतीवर चढण्याच्या ऐन आधी, बाजूला सारतो. पुढचा डिरेलर वर बसलेला असतो. त्याला ताणलेली चेन ढकलावी लागते. रहाटाने भरलेली घागर वर येत असताना दोर बोटाने बाजूला सारून पाहा आणि घागर काठावर टेकल्यावर सारून पाहा, म्हणजे दोन्ही डिरेलरच्या वाट्याला काय येतं ते कळेल.

हा ताण किती असतो? घाटात उभं राहून स्वार पेडलवर ५० किलो भार टाकतो असं धरू. क्रँकची लांबी १७० मिलिमीटर. पुढे ३४ दात्यांचं चक्र असेल तर त्याची त्रिज्या साधारण ६९ मिलिमीटर भरते. तरफेच्या नियमाने चेनवर येणारा ताण या दोन लांबींच्या प्रमाणात, म्हणजे जवळपास अडीच पट वाढतो: सव्वाशे किलोच्या आसपास. ५० दात्यांच्या चक्रावर तोच भार सुमारे ८४ किलोंचा ताण देतो. एवढ्या ताणाखालची चेन पत्र्याच्या दोन पट्ट्यांनी आडवी रेटायची, हे पुढच्या डिरेलरचं काम. तो यंत्र म्हणून अगदीच धसमुसळा आहे, असं माझं मत आहे.

सर्वांत जास्त वेळा चेन पडते ती आतल्या बाजूला, मोठ्या चक्रावरून लहान चक्रावर येताना. त्या क्षणी तीन गोष्टी एकदम घडतात. मोठ्या चक्रावर चढताना डिरेलर तुमच्या बोटाच्या जोरावर, केबल ओढत जातो, पण परत येताना केबल सुटते आणि स्प्रिंग त्याला झटक्यात आत खेचते. दुसरं म्हणजे ५० दात्यांवरून ३४ वर आल्याने १६ दाते कमी झाले. चेन चक्राच्या साधारण निम्म्या घेराला वेढते, म्हणजे आठ दात्यांची, जवळपास १० सेंटिमीटर चेन अचानक मोकळी होते. मागच्या पिंजऱ्याने ती ओढून घेईपर्यंत चेन अधांतरी असते, आणि त्याच वेळी चाक खड्ड्यात गेलं तर ती फटकारे मारते. तिसरं कारण स्वाराच्या सवयीचं आहे. दमछाक झाल्यावर तो आधी मागचे गिअर हलके करत जातो, सर्वांत मोठ्या चकतीपर्यंत पोचतो आणि मग नाइलाजाने पुढचं चक्र बदलतो. ती चकती चाकाच्या तारांना लागून, सगळ्यात आत असते. तिच्यावरची चेन पुढे येते तीच तिरकी, सायकलीच्या चौकटीकडे ओढलेली. लहान चक्राच्या दात्यांनी तिला धरण्याआधीच ती आत निसटते.

दुरुस्तीला हात घालण्यापूर्वी चेन कुठे पडली ते बघून ठेवा. घाईत ती आधी चढवली की पुरावा नाहीसा होतो. पुढे आत पडली, पुढे बाहेर क्रँकवर पडली, मागे तारांच्या बाजूला गेली की मागे सर्वांत लहान चकती आणि चौकट यांच्या फटीत, या चार जागांना चार वेगळ्या जागी उपाय आहेत. तारांच्या बाजूला जाणारी चेन सर्वांत धोक्याची. तिथे ती नुसती पडत नाही, फिरत्या चाकात डिरेलरला घेऊन जाते.

मागच्या बाजूच्या तक्रारीत मी पहिला संशय हँगरवर घेतो. मागचा डिरेलर ज्या छोट्या तुकड्यावर टांगलेला असतो तो हँगर. आजच्या बहुतेक सायकलींत तो नरम ॲल्युमिनियमचा आणि बदलता येणारा असतो, कारण पडझडीत चौकट वाचावी आणि हा स्वस्तातला तुकडा वाकावा अशीच योजना असते. सायकल उजव्या कुशीवर पडली, गाडीच्या डिकीत किंवा बसच्या सामानात दाबली गेली, की तो दोन-तीन मिलिमीटर आत वाकतो. डोळ्यांना सहसा दिसत नाही, पावणेचार मिलिमीटरच्या दाटीत मात्र लगेच जाणवतो. तो सरळ करायचं मापाचं हत्यार चांगल्या दुकानात असतं. हँगर वाकडा असताना स्क्रू पिळत बसणं हा वेळेचा अपव्यय आहे. सायकल आडवी ठेवायचीच असेल तर डाव्या अंगावर ठेवावी, ती याचसाठी.

चेनची झीज साध्या फूटपट्टीने मोजता येते. मँचेस्टरमध्ये स्थायिक झालेल्या हान्स रेनोल्ड या स्विस माणसाने १८८० मध्ये घडवलेल्या चेनची रचना मूळ तत्त्वाने आजही तीच आहे. आजच्या सायकलीत एका पिनेपासून पुढची पिन बरोबर अर्ध्या इंचावर असते. म्हणून नव्या चेनच्या २४ कड्या १२ इंच भरतात. वापराने पिनांची घासाघीस होते, दोन पिनांमधलं अंतर वाढतं आणि आपण म्हणतो चेन ताणली. त्या १२ इंचांत दीड मिलिमीटर वाढ दिसली तर ११-१२ स्पीडची चेन बदलण्याची वेळ झाली. पावसाळ्यातला चिखल आणि जुनं तेल यांचा लगदा ही झीज भराभर घडवतो. एखादी कडी आखडली आहे का, हेही क्रँक उलटा फिरवून बघावं. आखडलेली कडी छोट्या चाकांवरून जाताना टुणकन उडते.

आता पुढचा डिरेलर. इथे क्रम महत्त्वाचा आहे आणि बहुतेक जण तो उलटा धरतात, म्हणजे सुरुवात स्क्रूपासून करतात. आधी उंची बघायची. पिंजऱ्याची बाहेरची पट्टी मोठ्या चक्राच्या दात्यांपासून १ ते ३ मिलिमीटर वर असावी. मग वरून बघून ती पट्टी चक्राला समांतर आहे का हे तपासायचं. पिंजरा तिरका बसला असेल तर स्क्रू कितीही पिळले तरी चेन एका बाजूला घासत राहणार आणि दुसऱ्या बाजूला पडत राहणार. हे जमल्यावरच स्क्रू. ‘एल’ लिहिलेला स्क्रू डिरेलरला आत किती जाऊ द्यायचं ते ठरवतो, ‘एच’ बाहेरची हद्द ठरवतो.

आत पडणाऱ्या चेनसाठी चेन पुढच्या लहान चक्रावर आणि मागच्या सर्वांत मोठ्या चकतीवर घ्या आणि केबलचा ताण पूर्ण सोडा. ही पायरी गाळू नका. पुष्कळ सायकलींत एल स्क्रू ढिलाच राहिलेला असतो आणि डिरेलरला अडवून धरलेलं असतं ते केबलच्या ताणाने. नवी केबल काही दिवसांनी बसते, ताण उतरतो आणि कालपर्यंत नीट चालणारी सायकल आज चेन पाडू लागते. केबल सोडल्यावर खरी हद्द दिसते. मग एल स्क्रू पाव-पाव फेऱ्याने आवळत जा. चेन आणि पिंजऱ्याची आतली पट्टी यांच्यात अर्धा मिलिमीटर फट राहिली, चेन घासत नाही आणि फट त्याहून मोठीही नाही, की थांबा. शेवटी केबल पुन्हा ताणून बसवायची. बाहेर पडणाऱ्या चेनसाठी उलट मांडणी: पुढे मोठं चक्र, मागे सर्वांत लहान चकती, आणि बाहेरच्या पट्टीपाशी तेवढीच फट ठेवून एच स्क्रू.

एवढं करूनही वर्षातून एखादी चेन आत पडतेच. त्यावर चेन कॅचर नावाचा बोटाएवढा दांडा मिळतो. तो लहान चक्राच्या आत, दात्यांना जवळजवळ चिकटून बसवतात आणि निसटणाऱ्या चेनला परत दात्यांवर लोटतो. कार्बनची चौकट असेल तर तो लावावाच, कारण आत अडकलेली चेन तिथला थर खरवडून काढते.

उरला पाय. पेडल घड्याळाच्या बाराच्या आणि सहाच्या जागी असतं तेव्हा चेनवरचा ताण जवळजवळ उतरतो, तीनच्या जागी कमाल असतो. म्हणजे क्रँकच्या प्रत्येक फेरीत ताण दोनदा चढतो, दोनदा उतरतो. लिव्हर दाबताना अर्धा फेरा पाय हलका ठेवला तर डिरेलरचं काम निम्म्याने सोपं होतं. त्यासाठी वेग शिल्लक हवा, म्हणून घाटात पुढचं चक्र चढ अंगावर येण्याआधी बदलायचं, धाप लागल्यावर नाही. बदलण्यापूर्वी मागे एक-दोन चकत्या लहान करून घेतल्या तर चेनचा तिरकेपणा कमी होतो आणि पाय अचानक भसकन फिरत नाहीत. शर्यतीतले स्वार हे सवयीने करतात. आजच्या इलेक्ट्रॉनिक गिअरमध्ये ही मागची भरपाई आपोआप करण्याची सोयही असते.

चालत्या सायकलीवर चेन आत पडलीच तर लगेच उतरायची गरज नसते. पुढची लिव्हर मोठ्या चक्राकडे दाबून पेडल अगदी हलक्या पायाने फिरवलं की पुष्कळदा चेन आपणहून चढते. पाय अडला तर मात्र जोर लावू नये.

टूर द फ्रान्समध्ये १९३७ पर्यंत डिरेलरला बंदी होती. तोवर स्वार घाटाच्या पायथ्याशी उतरून मागचं चाक काढायचे आणि उलटं बसवायचे, कारण चाकाच्या दोन बाजूंना वेगवेगळ्या दात्यांची चक्रं असायची. आता उलट दिशेने विचार सुरू आहे: पुढचा डिरेलरच काढून टाकायचा, पुढे एकच चक्र ठेवायचं, त्याचे दाते आळीपाळीने जाड आणि बारीक करायचे म्हणजे ते चेनच्या रुंद-अरुंद कड्यांत घट्ट बसतात. खडकाळ रस्त्यांच्या सायकलींवर हा प्रकार उत्तम चालतो. तरी मे २०२३ मध्ये जिरो द इतालियाच्या मोंते लुसारीच्या चढावर स्लोव्हेनियाच्या प्रिमोझ रोग्लिचची चेन अशा एकाच चक्रावरूनही पडली. त्याने ती चढवली, तो टप्पाही जिंकला आणि एकूण शर्यत १४ सेकंदांनी जिंकली. सह्याद्रीत पायथ्याच्या सपाटीवर पळायचं आणि घाटही चढायचा, अशा स्वाराला दोन चक्रं अजून सोयीची पडतात, कारण गिअरमधल्या पायऱ्या लहान राहतात.

दुरुस्तीनंतर सायकल स्टँडवर उचलून हाताने पेडल फिरवलं की सगळे गिअर सुरेख पडतात. तिथे चेनवर ताणच नसतो, त्यामुळे ती परीक्षा खरी नव्हे. जवळच्या एखाद्या उड्डाणपुलाचा चढ गाठा, बसल्या जागी पेडल मारत पुढचं चक्र चार-पाच वेळा बदला, आणि खिशात अ‍ॅलन कीचा संच व स्क्रू ड्रायव्हर ठेवा. एल स्क्रूचा शेवटचा पाव फेरा बहुधा तिथेच द्यावा लागतो.