सेकंद मोजा, मग आवाजाची वाट पाहा

२ एप्रिल २०२२, गुढीपाडव्याची संध्याकाळ. पावणेआठच्या सुमारास महाराष्ट्र, गुजरात आणि मध्य प्रदेशातल्या लोकांनी जळत्या ठिणग्यांची रांग आकाशातून सरकताना पाहिली. उल्का पडली, असंच अनेकांना वाटलं. पुढे चंद्रपूर जिल्ह्यात, सिंदेवाही तालुक्यातल्या लाडबोरी गावात धातूचं भलंमोठं कडं सापडलं. चिनी रॉकेटचा निकामी टप्पा वातावरणात शिरून जळाला होता, असा अभ्यासकांचा निष्कर्ष होता.

मोबाइल काढून निवांत चित्रण करता आलं, यातच खरं तर ती उल्का होती का, याचं उत्तर होतं. पृथ्वीभोवती फिरणारा कचरा सेकंदाला साधारण ८ किलोमीटर वेगाने, जवळजवळ आडवा वातावरणात शिरतो आणि बराच वेळ दिसत राहतो. उल्का येते ती सूर्याभोवती फिरत. तिचा वेग सेकंदाला ११ ते ७२ किलोमीटर. शुक्राहून तेजस्वी उल्केला अग्निगोल म्हणतात, आणि तो बहुधा काही सेकंदांतच विझतो. उल्केच्या पुढची हवा प्रचंड दाबली जाऊन तापते, त्या उष्णतेने दगडाचा पृष्ठभाग वितळून उडू लागतो. हिरवट झाक दिसली तर त्यात बहुधा मॅग्नेशियमचा वाटा असतो.

उजेड गेला म्हणून लगेच घरात वळू नका. मोठा अग्निगोल खाली ३०-४० किलोमीटरपर्यंत आला, तर त्याचा गडगडाट पोचायला दीड-दोन मिनिटं किंवा त्याहूनही जास्त वेळ लागतो. रशियातल्या चेल्याबिन्स्कवर १५ फेब्रुवारी २०१३ रोजी सुमारे २० मीटरचा दगड फुटला. लखलखाट पाहायला माणसं खिडक्यांशी आली, आणि मागाहून आलेल्या धक्क्याने काचा त्यांच्या अंगावर फुटल्या. हजाराहून अधिक लोक जखमी झाले. प्रकाश आधी आणि धक्का नंतर, एवढं शाळेतलं ज्ञान त्या क्षणी आठवलं असतं, तर कितीतरी जण वाचले असते, याची हळहळ वाटते.

अग्निगोल कुठून आला, हे एकाच्या नोंदीवरून फारसं कळत नाही. लांब अंतरावरच्या दोघांनी नीट नोंदवलं, की त्याची वाट शोधून काढता येते. चेकोस्लोव्हाकियात १९५९ साली प्रिब्रामजवळ अशनी, म्हणजे जमिनीपर्यंत पोचलेला उल्केचा दगड, पडला, तेव्हा वेगवेगळ्या ठिकाणच्या छायाचित्रांवरून त्याची कक्षा थेट मंगळ आणि गुरूमधल्या लघुग्रहांच्या पट्ट्यापर्यंत मागे नेता आली. आपल्याकडे कॅमेरा नसला तरी चालेल. घड्याळातली वेळ, आपण उभे होतो ती जागा, अग्निगोल कुठल्या झाडामागे किंवा इमारतीमागे दिसेनासा झाला, आणि हात लांब करून मूठ धरली तर क्षितिजापासून किती मुठी वर होता, हे लगेच लिहून ठेवा. एक मूठ म्हणजे साधारण १० अंश.