स्मार्ट मीटर बसलं, पण व्होल्टेजचं काय?

घरोघरी स्मार्ट मीटर येऊ लागले तसा मोहल्ल्यात एकच विषय आहे: बिल वाढणार का? प्रश्न रास्त आहे. पण मिळणारी वीज चांगली आहे का, हेही आपण विचारायला हवं.

घरच्या सिंगल फेजला साधारण २३० व्होल्ट मिळायला हवेत. संध्याकाळी ते १८० वर आले तर गिझरची ताकद जवळपास चाळीस टक्क्यांनी घटते. यंत्रमागाच्या मोटरचं वेगळं असतं. माग तितक्याच जोरानं ओढावा लागतो, म्हणून मोटर जास्त करंट खेचते, तापते आणि शेवटी तिचं वाइंडिंग जळतं. मालेगाव-भिवंडीच्या कारखानदारांना हे सांगायला नको. रिवाइंडिंगचा खर्च मालकाचा, आणि माग बंद राहिला की मजुरी बुडते कामगाराची.

त्याहून घातक म्हणजे न्यूट्रल सुटणं. डीपीकडून येणारी न्यूट्रल तुटली की काही घरांत व्होल्टेज पडतं, तर दुसऱ्या फेजवरच्या घरांत ३०० च्याही वर जाऊ शकतं. एकाच गल्लीत एकाच वेळी टीव्ही-फ्रिज जळतात ते बहुधा यामुळेच.

जुनं मीटर फक्त युनिट मोजायचं. स्मार्ट मीटर ठराविक मिनिटांनी व्होल्टेजही नोंदवतं, ते फार कमी-जास्त झालं तर वेळेसकट लिहून ठेवतं. एका डीपीवरच्या सगळ्या मीटरच्या नोंदी एकत्र पाहिल्या, तर दोष एका घराच्या जोडणीत आहे, एका फेजवर आहे की डीपीतच, हे ऑफिसात बसून कळू शकतं. मात्र थर्मामीटरनं ताप उतरत नाही. डीपीची क्षमता वाढवणं, लोड तिन्ही फेजवर सारखा वाटणं, जाड केबल टाकणं ही कामं करावीच लागतात. ती होत नसतील तर नुसतं मीटर बदलून वीज सुधारणार नाही, असं आमचं स्पष्ट मत आहे.

छतावर सोलर बसवलेल्यांसाठी एक गोष्ट. दुपारी गल्लीत वापर कमी आणि सोलरची वीज जास्त असली की व्होल्टेज चढतं. मर्यादेपलीकडे गेलं तर सोलरचा इन्व्हर्टर स्वतःहून बंद पडतो. कडक उन्हातही युनिट कमी दिसत असतील तर पॅनलला दोष देण्याआधी हे तपासून घ्या.

व्होल्टेजचा त्रास असेल तर वायरमनला फोन करून थांबू नका. तारीख-वेळ लिहून लेखी अर्ज द्या, त्यात आपल्या मीटरमधली व्होल्टेजची नोंद मागा. एकाच डीपीवरच्या शेजाऱ्यांनी ग्राहक क्रमांकांसह एकत्र सही केली तर उत्तम. अर्जाची पोच जपून ठेवा. दाद मिळाली नाही, तर वीज कायदा २००३ प्रमाणे नेमलेल्या ग्राहक तक्रार निवारण मंचाकडे जाताना तीच लागते.