खोदकाम: घरचं यंत्र की भाड्याचा डिगर?

मंडळी, ड्रोहेडाच्या आसपास घर घेतलेल्या आपल्यापैकी काहींच्या घरामागे अर्धा एकर जमीन असते. अर्धा एकर म्हणजे चांगले वीस गुंठे! मग बेत सुरू होतात. पावसाचं पाणी साचतं म्हणून चर खणायचा, शेडचा पाया घ्यायचा, मेथी-कोथिंबिरीसाठी पॉलीटनेल उभारायचा. आणि एक प्रश्न हमखास निघतो: छोटा ट्रॅक्टर आणि त्याच्यामागे लावायचा बॅकहो आपणच घ्यावा, की काम बाहेर द्यावं? त्याचाच थोडा हिशेब आम्ही इथे मांडत आहोत.

यंत्रांची ओळख

गावाकडे कुठलंही पिवळं यंत्र दिसलं की तो 'जेसीबी'. खरं तर ही जोसेफ सिरिल बॅमफर्ड या इंग्रज उद्योजकाची आद्याक्षरं. त्यांनी १९४५ मध्ये कंपनी काढली, १९५३ मध्ये बॅकहो लोडर आणला आणि १९७९ मध्ये कंपनी भारतात पोचली. इथे मात्र लोक सरसकट 'डिगर' म्हणतात.

मोठा जेसीबी साधारण ८ टनांचा असतो आणि ४ मीटरहून खोल खणतो. घरामागच्या जागेत तो शिरला तर फाटक आणि हिरवळ दोन्ही जायची! आपल्या कामाचे पर्याय दोन. पहिला, २५-३० अश्वशक्तीचा ट्रॅक्टर आणि त्याला जोडलेला बॅकहो. हा जेमतेम २ मीटर खोल जातो आणि त्याचा हात अर्ध्या वर्तुळातच फिरतो. दुसरा, दीड टनाचा मिनी डिगर. रुंदी मीटरभर, खोली २ मीटरहून थोडी जास्त, आणि तो जागच्या जागी पूर्ण गोल फिरतो. नुसतं खणायचं असेल तर मिनी डिगर सरस. ट्रॅक्टरचा फायदा वेगळाच: बॅकहो काढून ठेवला की गवत कापणं, माती ओढणं, लाकडं वाहणं, सगळं करतो.

आपल्या भागातली माती हाही मुद्दा आहेच. हिमयुगातल्या बर्फाने आणून टाकलेली घट्ट चिकणमाती आणि तिच्यात दडलेले धोंडे. असा धोंडा लागला की हलक्या ट्रॅक्टरचा बॅकहो धोंडा उचलण्याऐवजी ट्रॅक्टरलाच ओढतो. म्हणून घ्यायचाच तर स्वतंत्र लोखंडी चौकटीवर बसणारा बॅकहो घ्यावा. नुसता मागच्या तीन सांध्यांवर टांगलेला असेल तर सगळा ताण ट्रॅक्टरच्या सांगाड्यावर येतो.

पैशांचं गणित

समजा, ट्रॅक्टर आणि बॅकहो मिळून २०,००० युरोंना पडले आणि ५ वर्षांनी १२,००० ला विकले. म्हणजे ८,००० गेले. देखभाल आणि विमा वर्षाला ८०० धरले तर ५ वर्षांचे ४,०००. एकूण १२,०००, म्हणजे वर्षाला २,४००. वर्षात ३० तास खणलं तर तासाला ८० युरो पडले, तेही डिझेल आणि आपली मेहनत सोडून! तेच यंत्र १५० तास वापरलं तर तासाला फक्त १६. आकडे आम्ही उदाहरणासाठी घेतलेत, पण गोम लक्षात यावी: किंमत किती, यापेक्षा तास किती, हे आधी विचारावं.

आता काम किती ते पाहू. ३० मीटर लांब, ४५ सेंटीमीटर रुंद आणि १ मीटर खोल चर म्हणजे साडेतेरा घनमीटर माती. वजन जवळजवळ २५ टन! उकरल्यावर ती फुगून पाव पटीने तरी जास्त जागा खाते. ही माती बाहेर टाकायची तर कायद्याने तो कचरा ठरतो. परवानाधारकाकडूनच न्यावी लागते आणि मान्य जागीच टाकावी लागते. कुणाच्या शेतात ओतून मोकळं होता येत नाही.

जमिनीखाली काय आहे?

खरा धोका इथे आहे. विजेची केबल, गॅसची नळी किंवा पाण्याची लाइन तोडली तर पैसे जातीलच, जीवही जाऊ शकतो. ईएसबी नेटवर्क्स, गॅस नेटवर्क्स आयर्लंड आणि उइस्के एरन यांच्याकडून नकाशे मागवावेत. नकाशातली रेघ तंतोतंत नसते, म्हणून जवळ आल्यावर यंत्र थांबवून फावड्यानेच उकरावं. आणि छातीइतक्या खोल चरात आधाराशिवाय कुणीही उतरू नये. एक घनमीटर माती दीड टनाच्या पुढे भरते. ती अंगावर आली तर हाक मारायलाही वेळ मिळत नाही.

शिवाय आपण बॉइन खोऱ्यात राहतो! न्यूग्रेंज इथून ८-१० किलोमीटरवर. १६९९ मध्ये रस्त्यासाठी दगड काढणाऱ्या मजुरांना तिथल्या ५,००० वर्षांपूर्वीच्या थडग्याचं दार सापडलं. २०१८ च्या कोरड्या उन्हाळ्यात शेजारच्या शेतात एका भल्यामोठ्या प्राचीन वर्तुळाच्या खुणा ड्रोनमधून दिसल्या. तेव्हा खणण्याआधी राष्ट्रीय स्मारक विभागाच्या इंटरनेटवरच्या नकाशात आपली जागा बघावी. जवळ नोंदलेलं स्मारक असेल तर आधी परवानगीचे नियम पाहावेत. जुनी वस्तू निघालीच तर काम थांबवून, ती न हलवता, राष्ट्रीय संग्रहालयाला कळवावं. मालक माहीत नसलेली अशी वस्तू सरकारची असते.

आणखी एक: यंत्र आत घेण्यासाठी कुंपणाची झाडी तोडायची असेल तर १ मार्च ते ३१ ऑगस्ट या काळात कायद्याने बंदी असते. पक्ष्यांच्या घरट्यांसाठी हा नियम आहे.

मग करायचं काय?

तीन-चार एकर जमीन असेल, वर्षभर काम असेल आणि यंत्राची आवड असेल, तर ट्रॅक्टर जरूर घ्यावा. उथळ चर किंवा झाडांचे खड्डे एवढंच असेल तर शनिवार-रविवारी मिनी डिगर भाड्याने आणावा. दोन-तीन घरांनी मिळून आणला तर आणखी स्वस्त. पण पाया, सेप्टिक टँक, किंवा केबल-नळ्यांच्या जवळचं काम असेल तर ऑपरेटरसकट डिगर बोलवावा. त्याचं सीएससीएस कार्ड आणि विम्याचे कागद मागायला संकोच करू नये. चांगला माणूस रागावत नाही. यंत्र आणण्या-नेण्याचा आणि माती उचलण्याचा खर्च धरून दर लेखी घ्यावा. तो येण्याआधी चुन्याने रेघ आखावी आणि फाटकाची रुंदी मोजून ठेवावी, म्हणजे भाड्याचे तास वाया जात नाहीत.

आपल्यापैकी बहुतेकांना ऑपरेटरचा एक दिवस पुरतो, असं आमचं मत. तासाला तो महाग वाटतो, पण त्यात त्याची अनेक वर्षांची नजर येते. मातीचा रंग बदलला की हात कुठे थांबवायचा, हे त्याला कळतं. आणि ते कळणारा माणूस यंत्रावर असणं, हेच खोदकामात सगळ्यात मोलाचं आहे.