मल्टिपल स्क्लेरोसिस आणि मंदावणारी दृष्टी

कारण : नेत्रपटलावर उमटलेले चित्र मेंदूपर्यंत पोहोचविणाऱ्या दृक्‌चेतेत सुमारे दहा लाख तंतू असतात; या व्याधीत शरीराची संरक्षक यंत्रणाच त्यांवरील मायलिन नामक आवरणावर चालून जाते आणि संदेशवहन मंदावते.

तीव्र दाह : बहुधा एकाच डोळ्यात धूसरपणा येतो, डोळा फिरविताना वेदना होतात व तांबडा रंग फिका भासतो, पुढील काही आठवड्यांत किंवा महिन्यांत दृष्टी बव्हंशी परतते. शिरेवाटे दिलेल्या स्टेरॉइडने सुधारणा त्वरेने होते, मात्र अंतिम दृष्टीत त्यामुळे विशेष अंतर पडत नाही.

संथ ऱ्हास : असा दाह कधीही न झालेल्या रुग्णांचेही तंतू वर्षानुवर्षे झिजत राहतात, आणि तक्त्यावरील ठळक काळी अक्षरे बिनचूक वाचणाऱ्यालाही फिक्या शाईतील मजकूर लागेनासा होतो, ही झीज ओसीटी तपासणीत तंतुस्तराच्या जाडीवरून मायक्रोमीटरमध्ये मोजता येते.

उष्णता : श्रमाने, ज्वराने वा ऊन पाण्याच्या स्नानाने शरीर तापले असता दृष्टी तात्पुरती मंदावते, व शरीर निवताच पूर्ववत होते, जर्मन नेत्रवैद्य विल्हेल्म उथॉफ यांनी हे १८९० साली नोंदविले.

जुना दाखला : इंग्लंडचा राजा तिसरा जॉर्ज याचा नातू ऑगस्टस द एस्ते याने १८२२ मध्ये आपल्यास जडलेल्या, उपचारावाचून ओसरलेल्या दृष्टिमांद्याची हकीकत रोजनिशीत लिहून ठेवली, आजाराचे निदान मात्र त्याच्या मृत्यूनंतर, ती रोजनिशी अभ्यासणाऱ्यांनी केले.