जिम्नॅस्ट मुलीचे गुण घटतात तेव्हा

"गेल्या वर्षी पहिल्या तिनांत होती, यंदा पार मागे गेली. डॉक्टर, एखादे टॉनिक द्या." स्पर्धांचा हंगाम संपला की अशी तक्रार ऐकू येते. अशा वेळी टॉनिकआधी उंचीची पट्टी काढावी.

वयात येताना मुलींची उंची झपाट्याने वाढते, एका वर्षात आठ सेंटिमीटरपर्यंतसुद्धा. हातपाय लांब होतात, अंग आखडल्यासारखे वाटते, शरीराचा तोल बदलतो. मग काल सहज जमणारी उडी आज चुकते. बीमवरून एकदा खाली पडले की पूर्ण एक गुण जातो. कागदावर ही घसरण दिसते; प्रत्यक्षात मुलगी नव्या शरीराशी जुळवून घेत असते. हे काही महिने धीराने काढावे लागतात. पुष्कळ घरी मात्र नेमके याच वेळी "वजन वाढले" म्हणून तिची पोळी आणि दूध कमी केले जाते. याइतके नुकसान दुसरे नाही. वाढीला आणि सरावाला, दोन्हींना पुरेल इतके अन्न मिळाले नाही तर पाळी लांबते, हाडे कमकुवत होतात. पंधरा वर्षे पूर्ण होऊनही पाळी आली नाही किंवा सुरू झालेली तीन महिने थांबली, तर "खेळाडूंचे असेच असते" म्हणून सोडून देऊ नये.

मग प्रगती ओळखायची कशी? मुलगी जमिनीवर उतरते कशी, ते पाहा. गुडघे वाकवून, अलगद उतरू लागली असेल तर तिने मोठी कमाई केली आहे. पडताना अंग सावरते का? जेवण, झोप, अभ्यास ठीक आहे का? आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे, दुखले तर प्रशिक्षकांना न घाबरता सांगते का? सिमोन बाइल्सने २०२१ मध्ये टोकियोत, हवेत असताना शरीराची दिशाच कळेनाशी झाल्यावर माघार घेतली. तीच २०२४ मध्ये पॅरिसला तीन सुवर्णपदके जिंकून गेली. आपल्या दीपा कर्माकरचे तळपाय लहानपणी सपाट होते. उडी मारणाऱ्याला ही मोठीच अडचण. त्या पायांवर घेतलेली अनेक वर्षांची मेहनत कोणत्याही गुणपत्रकात नव्हती. २०१६ च्या रिओ ऑलिंपिकमध्ये व्हॉल्टमध्ये ती चौथी आली, कांस्यपदक ०.१५० गुणांनी हुकले. तिला अपयशी कोण म्हणेल?

दोन दुखण्यांकडे मात्र काणाडोळा नको. हातावर भार देताना मनगट दुखणे आणि मागे वाकताना कंबर दुखणे. वाढत्या वयात मनगटाच्या हाडाचे वाढीचे टोक नाजूक असते, आणि मणक्याला वारंवारच्या ताणाने बारीक तडा जाऊ शकतो. नुसते मलम चोळून सराव चालू ठेवू नका. त्या हालचाली थांबवून अस्थिरोगतज्ज्ञांना दाखवा, आणि दर तीन महिन्यांनी उंची-वजनाची नोंद एका वहीत ठेवा. तपासणीला येताना ती वही सोबत आणा. गुणांचा कागद नसला तरी चालेल.