डब्यातली स्मृती : ट्रकच्या दुरुस्तीतले एक स्थित्यंतर

इंजिन बिघडले म्हणजे काहीतरी झिजले, तुटले, अडकले किंवा गळले, ही आपली जुनी समजूत. आज महामार्गाच्या कडेला उभ्या राहिलेल्या ट्रकच्या बाबतीत ती दरवेळी खरी ठरत नाही. पिस्टन धड असतो, पंप धड असतो, टाकीत डिझेल असते. तरी गाडी सुरू होत नाही, किंवा सुरू होऊन घाटात मान टाकते. मिस्त्री स्कॅनर जोडतो आणि सांगतो, ‘ईसीएम गेला.’

ईसीएम म्हणजे इंजिन कंट्रोल मोड्यूल. जाडजूड पुस्तकाएवढा, ॲल्युमिनियमचा, बहुधा इंजिनाच्याच अंगावर बसवलेला एक डबा. तो बदलणे म्हणजे वरकरणी चार बोल्ट आणि दोन-तीन सॉकेट. पण कोरा करकरीत डबा बसवूनही इंजिन अनेकदा हूं की चूं करत नाही. इथे बदलायचा असतो तो सुटा भाग नसतो, त्या विशिष्ट इंजिनाची स्मृती असते. आणि ती स्मृती लिहिण्याचा अधिकार कोणाकडे, या प्रश्नाने ट्रक दुरुस्तीच्या व्यवसायाची घडीच बदलली आहे.

वजनांच्या जागी संगणक

डिझेल इंजिनात ठिणगी नसते. दाबाने तापलेल्या हवेत डिझेलचा फवारा नेमक्या क्षणी, नेमक्या मापाने सोडावा लागतो. रॉबर्ट बॉश यांच्या कंपनीने १९२७मध्ये या कामाच्या पंपाचे नियमित उत्पादन सुरू केले आणि पुढची अनेक दशके जगभरचे ट्रक त्याच तत्त्वावर धावले. पंपाच्या टोकाला गव्हर्नर असे. फिरती वजने वेग वाढला की बाहेर फेकली जात आणि दांडी मागे ओढून डिझेल कमी करत. टाटांनी १९५४पासून डेमलर-बेंझच्या सहकार्याने बनवलेल्या ट्रकपासून नव्वदच्या दशकापर्यंत आपल्या रस्त्यांवर हीच व्यवस्था होती. पंप बिघडला तर पंपवाला तो टेस्ट बेंचवर चढवी, काचेच्या नळ्यांत प्रत्येक सिलिंडरचे डिझेल मोजे आणि स्क्रू फिरवून सारखे करी. नाशिकच्या सातपूर भागातल्या ‘मायको’चे, म्हणजे आजच्या बॉशचे, नोझल त्याच्या फडताळात असत.

त्या पंपावरही कुलूप होतेच. जास्तीत जास्त डिझेलचे माप ठरवणाऱ्या स्क्रूला तार आणि शिशाचे सील असे. पण ते सील डोळ्यांना दिसे. कोणी तोडले तर तेही दिसे.

ही व्यवस्था मोडली ती प्रदूषणाच्या मर्यादांनी. फवारा एका झटक्यात न देता दोन-तीन हप्त्यांत द्यायचा, त्याची वेळ भार, तापमान आणि हवेच्या दाबाप्रमाणे बदलायची, हे फिरत्या वजनांच्या आवाक्यातले काम नव्हते. हिशेब करून पाहा : इंजिन मिनिटाला २००० फेरे घेत असेल, तर सेकंदाला १२,००० अंश फिरते. एक अंश म्हणजे सेकंदाचा बारा हजारावा भाग. सहा सिलिंडरच्या इंजिनात त्या वेगाला दर सेकंदाला शंभर वेळा फवाऱ्याची पाळी येते, आणि दर वेळी चूक एखाद्या अंशाच्या आत ठेवायची असते. १९९७मध्ये अल्फा रोमिओ १५६पासून मोटारींमध्ये आलेल्या कॉमन रेल पद्धतीने हे साधले. डिझेल एका सामाईक नळीत प्रचंड दाबाखाली तयार ठेवायचे आणि इंजेक्टर विजेने उघडायचा. उघडण्याचा हुकूम देणारा तो हा डबा.

भारतात १ एप्रिल २०१७पासून बीएस-४ देशभर लागू झाले आणि १ एप्रिल २०२०पासून बीएस-६. या तीन वर्षांत बहुतेक नव्या मालवाहू ट्रकचे दुरुस्तीशास्त्रच पालटले. युरियाची टाकी, धूर गाळणारी जाळी, नायट्रोजनची ऑक्साइडे मोजणारे सेन्सर, या सगळ्यांची वर्दी डब्याकडे जाऊ लागली.

आरोपी आणि अपराधी

डबा नाजूक आहे, पण समजला जातो तितका नाही. तो खरोखर मरतो त्याची कारणे ठरलेली आहेत. इंजिनाची उष्णता आणि थरथर यांनी आतले डाख तडकतात. सॉकेटमधून पाणी शिरून पिनांवर हिरवी पुटे चढतात. इंजेक्टरची वायर शॉर्ट झाली, की इंजेक्टर चालवणारा आतला भाग जळतो. बॅटरी न सोडवता चासीवर वेल्डिंग केले, किंवा धक्क्याऐवजी दुसऱ्या गाडीची बॅटरी उलटी जोडली, तर एका क्षणात काम तमाम होते. प्रेशरने इंजिन धुताना पाण्याचा झोत सॉकेटवर मारणे हे त्यातलेच.

यांपैकी काहीच घडलेले नसताना डब्यावर आरोप होतो, तेव्हा अपराधी बहुधा बाहेर असतो. चांगला मिस्त्री आधी अर्थिंग पाहतो. त्यातही एक मेख आहे. वायरच्या वीस तारांपैकी एकच शाबूत असली तरी मीटर २४ व्होल्ट दाखवतो, कारण मीटर जवळजवळ प्रवाह ओढतच नाही. म्हणून त्या वायरवर हेडलाइटचा बल्ब लावून पाहायचा. तो मिणमिणला तर दोष वायरचा. दुसरी मेख ५ व्होल्टची. डबा अनेक सेन्सरांना ५ व्होल्टचा सामाईक पुरवठा करतो. एक सेन्सर शॉर्ट झाला की सगळे एकदम खोटे बोलू लागतात आणि स्कॅनरवर दोषांची रांग लागते. सेन्सरांचे सॉकेट एकेक करून काढायचे; ज्याच्यानंतर रांग ओसरते तो चोर.

तिसरी तपासणी गाडीच्या मज्जारज्जूची. ट्रकमधले सगळे छोटे संगणक पिळलेल्या दोन तारांवरून बोलतात. तारांच्या दोन्ही टोकांना १२० ओहमचा एकेक रोधक असतो, म्हणून बॅटरी सोडवून मोजले तर ६० ओहम यायला हवेत. १२० आले तर एक टोक तुटले आहे असे समजावे. दोषांची भाषाही ठरलेली आहे. जे १९३९ या प्रमाणात एक आकडा अवयव सांगतो, दुसरा दुखण्याचा प्रकार. १०० म्हणजे ऑइलचा दाब, सोबत ४ म्हणजे व्होल्टेज प्रमाणाबाहेर कमी. म्हणजे ऑइलला हात लावण्याआधी वायर बघा. डबा स्वतःबद्दल तक्रार करतो ती ६२९ आणि १२ अशी. ही जोडी दिसली आणि पुरवठा व अर्थिंग निर्दोष निघाले, तरच डबा बदलायचा.

नव्या डब्याला नाव देणे

जुना डबा बोलत असेल तर खोलण्याआधी त्याची जबानी घ्यावी : हार्डवेअर आणि सॉफ्टवेअरचे क्रमांक, चासी क्रमांक, इंजिन किती तास चालले, वेगमर्यादा, गाळणीत साचलेल्या काजळीचा हिशेब. मग बॅटरी सोडवायची, थोडा वेळ थांबायचे, सॉकेट काढायचे, वाकलेली पिन आहे का ते भिंगाने पाहायचे. आतापर्यंतचे काम पान्याचे.

पुढचे काम लिहिण्याचे. कोऱ्या डब्यात त्या इंजिनाचे कॅलिब्रेशन चढवतात. कोणत्या वेगाला, कोणत्या भाराला किती डिझेल, याची ती मोठी कोष्टके. चढवताना बॅटरी पडली तर डबा अर्धवट राहून निकामी होऊ शकतो, म्हणून चार्जर जोडून ठेवतात. त्यानंतर इंजेक्टरांची पाळी. दोन इंजेक्टर कधीच तंतोतंत सारखे नसतात. कारखान्यात प्रत्येकाची चाचणी घेऊन त्याचा फरक अक्षर-अंकांच्या सांकेतिक क्रमांकात त्याच्याच अंगावर कोरलेला असतो. तो सिलिंडरच्या क्रमाने डब्याला सांगावा लागतो. क्रम चुकला तर इंजिन चालते, पण खडखडते, धूर सोडते, डिझेल जास्त पिते. पंपवाला काचेच्या नळीत जे मोजत होता, तेच हे माप. फक्त आता ते अक्षरांत आहे. शेवटी चावीची ओळख पटवायची. ती पटली नाही, तर सगळे बरोबर असूनही गाडी सुरू होणार नाही.

भंगारातल्या ट्रकचा डबा स्वस्तात आणून बसवण्याचा मोह होतो. पण तो परक्या इंजिनाच्या आठवणी घेऊन येतो : परके इंजेक्टर, परका चासी क्रमांक, परकी चावी. त्या पुसून नव्या लिहिल्याशिवाय तो निरुपयोगी.

कुलूप आणि किल्ली

हे लिहिण्याचे साधन आणि परवानगी बहुधा कंपनीच्या सर्व्हरवर असते. म्हणून ज्याने बल्ब लावून दोष शोधला तो मिस्त्री शेवटच्या अर्ध्या तासापाशी अडतो आणि ट्रक टो करून अधिकृत सर्व्हिस सेंटरला न्यावा लागतो. एकच गाडी असलेल्या मालकाला या खोळंब्याची किंमत कळते. माल अडलेला, भाडे बुडालेले, बँकेचा हप्ता मात्र चालू.

कंपन्यांची बाजू पोकळ नाही. लिहिण्याची मुभा सर्वांना दिली तर युरिया बंद करणारे, वेगमर्यादा उडवणारे, चोरीच्या गाडीला नवी चावी देणारेही लिहितील. असे धंदे चालतात. पण बंद डब्याची दुसरी बाजू सप्टेंबर २०१५मध्ये जगाने पाहिली. फोक्सवॅगनने जगभरच्या सुमारे १ कोटी १० लाख डिझेल मोटारींत चाचणी ओळखून प्रदूषण लपवणारे सॉफ्टवेअर घातल्याचे उघड झाले. माग लागला तो अमेरिकेतल्या वेस्ट व्हर्जिनिया विद्यापीठाच्या अभ्यासकांनी मोटारी प्रत्यक्ष रस्त्यावर चालवून धूर मोजल्यामुळे. कुलपाआड फेरफार करणारी इथे खुद्द कंपनीच होती.

आपल्याकडे भारतीय स्पर्धा आयोगाने ऑगस्ट २०१४मध्ये सुटे भाग आणि तपासणीची साधने खुल्या बाजारापासून रोखल्याबद्दल १४ मोटार कंपन्यांना एकूण सुमारे २,५४४ कोटी रुपयांचा दंड ठोठावला. दंडाच्या रकमेवर पुढे अपिले झाली. खटला मोटारींचा होता, पण प्रश्न ट्रकच्या गॅरेजातलाच आहे. केंद्र सरकारने २०२२मध्ये ‘दुरुस्तीच्या हक्का’साठी समिती नेमली, तेव्हा शेतीची अवजारे आणि मोबाइलबरोबर वाहनांचाही समावेश केला. अमेरिकेत २०१५मध्येच स्वतःच्या वाहनाच्या दुरुस्तीपुरती सॉफ्टवेअरच्या कुलपाला हात लावण्याची सवलत स्वामित्वहक्काच्या नियमांत दिली गेली.

तडजोडीची जागा जुन्या शिशाच्या सीलमध्ये सापडते. पंपवाल्याला पंप खोलण्याची बंदी नव्हती. सील तुटल्याचे लपत नव्हते, एवढेच. डब्यातही हे शक्य आहे : वाचन सर्वांना खुले, इंजेक्टरचा क्रमांक किंवा नव्या डब्याची ओळख लिहिणे नोंदणीकृत मिस्त्रीला खुले, आणि कोणी काय लिहिले याची न पुसता येणारी नोंद डब्यातच. तोपर्यंत मालकाने निदान एवढे करावे : इंजेक्टरांवरचे क्रमांक सिलिंडरच्या क्रमाने वहीत उतरवून ठेवावेत, डबा बदलल्यास जुन्या-नव्याचे क्रमांक बिलावर लिहून घ्यावेत, आणि जुना डबा परत मागावा. डबा मेलेला असला तरी त्यातली स्मृती कधी कधी वाचवता येते.